तांबीच्या गळ्यातली घंटा

मित्रांनो, जुनी तर मी आहेच, पण पाहुणे मला 'अँटिक' म्हणतात ना, तेव्हा माझा जीव जळतो. मी एक लाकडी घंटा आहे. गाईच्या गळ्यातली. सध्या वाघांच्या जंगलालगत, मोहर्लीजवळच्या एका रिसॉर्टच्या जेवणघरात भिंतीवर टांगलेली असते. एका बाजूला मासे धरायचा बांबूचा सापळा, दुसऱ्या बाजूला कधीच धान न पाखडलेलं नवंकोरं सूप, आणि मधे मी. वरून माझ्यावर पिवळा दिवा सोडला आहे. पाहुणे येतात, माझा फोटो काढतात आणि पोहे खायला जातात. कौतुकाला काही तोटा नाही. पण नुसत्या कौतुकावर दिवस निघत नाही हो.

मला घडवलं लटारूभाऊने. लटारूभाऊ म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या गावचा गायकी. गायकी म्हणजे गाणारा नव्हे बरं का! गावभरच्या गाई रानात चारायला नेतो तो गायकी. त्याने शिवणीचं हलकं लाकूड आणलं, पटाशीने आतून कोरलं, आणि खैराच्या दोन जिभा करून दोरीने माझ्या पोटात टांगल्या. मग कानाशी धरून हलवलं, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा कोरायला बसला. असं किती वेळा केलं असेल! मला तर वाटलं, हा माणूस मला कोरून कोरून संपवणार. शेवटी एकदा त्याचा चेहरा खुलला.

"आता बोलली," तो म्हणाला.

त्याच दिवशी त्याने मला तांबीच्या गळ्यात बांधलं. तांबी ही गावातल्या रुखमाबाईची गाय. तांबूस अंगाची, एक शिंग वाकडं, स्वभावाने खट. पण कळपात तिचाच हुकूम चाले. ती जाईल तिकडे बाकीच्या मुकाट्याने जात. म्हणून तर घंटा तिच्या गळ्यात. घंटेचा आवाज कुठे आहे ते कळलं की सगळी गुरं कुठे आहेत ते कळतं.

सकाळी आखरावर गुरं गोळा व्हायची. आखर म्हणजे गावाबाहेरची गुरांची जागा. तिथून आम्ही बोडीच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या, काठाकाठाने रानात शिरायचो. तांबी चरायला लागली की मी मनात येईल तेव्हा ठुडुक करायचे. ती चालू लागली की एका लयीत वाजायचे. ती रवंथ करत बसली की मधूनच एखादा बोल. लटारूभाऊ मोहाच्या झाडाखाली डोळे मिटून पडलेला असे. बघणाऱ्याला वाटे, बाबा घोरत पडलाय! पण मी जरा वेगळी वाजले की तो ताडकन उठून बसायचा. "काय झालं वं?" असं मलाच विचारायचा. आणि मी त्याला कधी चुकीचं सांगितलं नाही. गाय उतारावर घसरली तर तसं सांगितलं, दुसऱ्याच्या धानात तोंड घालायला निघाली तर तसं सांगितलं. तांबीला याचा फार राग येई, पण माझा इलाज नव्हता.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? मोठं काहीच नाही. गाय चरायची, मी वाजायचे, तो ऐकायचा. रोज तेच. पण दिवस मावळताना आम्ही गावात शिरलो की एकेका दारातून बाया म्हणायच्या, "आली वं तांबी," आणि गोठ्याकडे वळायच्या. तेवढं ऐकलं की माझं लाकडाचं पोट भरून यायचं.

मग तो दिवस आला. भर दुपार होती. आम्ही बोडीच्या पलीकडे होतो. तांबीने चरता चरता मान वर केली आणि ती जागच्या जागी थिजली. ती थिजली म्हणून मीही गप्प झाले. पुढच्याच क्षणी बांबूतून वाघ आला, आणि मी अशी वाजले, अशी वाजले की तसं मला पुन्हा कधी वाजायला लागू नये. लटारूभाऊ काठी आपटत, "हाट्! हाट्!" ओरडत वाघाच्या अंगावर धावून आला. वेडाच म्हणायचा! वाघ बांबूत शिरला. बाकीची गुरं शेपट्या उभारून गावाकडे पळाली आणि वाचली. तांबी मात्र उठली नाही.

वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, रुखमाबाईला भरपाई मिळाली. लटारूभाऊने तांबीच्या गळ्यातली दोरी सोडली, मला धुतलं आणि घरच्या खुंटीला अडकवलं. त्यानंतर गावाने हाय खाल्ली. कोणी गाई विकल्या, कोणी दावणीलाच बांधून ठेवल्या. नांगराला ट्रॅक्टर होताच. आखर ओस पडला.

लटारूभाऊचा मुलगा आदेश सफारीची जिप्सी चालवतो. पोरगा गुणी आहे, बापावर जीव टाकतो. त्यानेच बापाला या रिसॉर्टच्या फाटकावर कामाला लावलं. टोपी, शिट्टी, निळा सदरा, आणि बसायला प्लास्टिकची खुर्ची. "लटारूभाऊचं नशीब उघडलं!" गाव म्हणालं. आणि मालकाला भिंतीवर लावायला गावठी वस्तू हव्या होत्या, म्हणून आदेशने मलाही इथे आणून दिलं. त्याला वाटलं, बाबाच्या हातची वस्तू चार लोक बघतील. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

मीही आधी हुरळून गेले. फाटक इथून समोरच आहे, खिडकीतून दिसतं. म्हटलं, चला, पुन्हा एकत्र आलो! पण थोड्याच दिवसांत कळलं की खरं दुखणं इथेच आहे. पाहुण्यांची मुलं येता-जाता माझ्या जिभा हलवायची. मी वाजायचे. आणि समोर लटारूभाऊ खुर्चीवरून उठायचा. शिट्टी गळ्यात लोंबतेय आणि हा माणूस झुडपाकडे निघालाय! चार पावलं जायचा, थबकायचा, इकडेतिकडे बघायचा आणि मान खाली घालून परत येऊन बसायचा. मुलं हसायची. वारा सुटला तरी तेच.

मित्रांनो, मी जन्मात खोटं बोलले नव्हते. आता दिवसभर खोटं बोलत होते, आणि तेही त्याच्याशी. गाय नाही, रान नाही, आणि माझी हाक मात्र चालूच. जेवणघर माणसांनी भरलेलं असायचं, पण मला कोणी नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. खुर्चीत बसून बसून लटारूभाऊ वाळत चालला होता. रानात उन्हातान्हात हिंडणारा माणूस सावलीत सुकला.

मग एका सकाळी एका मुलाला मी फारच आवडले. तो थांबेचना. वाजवतोय, वाजवतोय! तेवढ्यात सफारीहून परतलेल्या गाड्या फाटकाशी आल्या. फाटक बंद, भोंगे वाजताहेत, आणि रखवालदाराचा पत्ता नाही. लटारूभाऊ घाणेरीच्या झुडपात शिरून ओरडत होता, "तांबी! ये वं, ये ये!" पाहुणे मोबाईल काढून त्याचं शूटिंग करत होते. मॅनेजरने सगळ्यांसमोर आदेशला झापलं. आदेश बापाला हाताला धरून बाहेर घेऊन आला. त्याचा चेहरा पडला होता.

"बाबा, तांबी मेली ना! काऊन असं करून राह्यला तू?"

"मले मालूम हाये रे," लटारूभाऊ म्हणाला. "या पायाईले मालूम नाई."

दुपारी जेवणघर रिकामं झालं तेव्हा तो आत आला. इथे आल्यापासून पहिल्यांदाच. काउंटरवर साक्षी होती. ती आमच्याच गावची, चंद्रपूरला शिकून आलेली. लटारूभाऊ चपला बाहेर काढून आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. त्याने मला खिळ्यावरून उतरवलं. त्याचा अंगठा माझ्या पोटातून फिरला, आणि काय सांगू तुम्हाला, मला रडता येत नाही म्हणून बरं.

"बाई, हे बांधून टाकू काय?" त्याने विचारलं. "उगाच वाजते."

"भाऊ, घरीच घेऊन जा ना," साक्षी म्हणाली. "तुमच्या हातची हाये. मी सांगीन सायबाले, ते काई म्हणत नाई."

मला वाटलं, सुटले! आता घरी जाणार. कोणाच्या तरी गळ्यात जाणार, पुन्हा सकाळी आखरावर जाणार. लटारूभाऊने मला एकदा हळूच हलवलं आणि ऐकलं.

"हातानं नाई वाजत बाई हे," तो म्हणाला. "गाय चरते तवा वाजते. आन् वाघानं मारल्या गाईचं दुसऱ्या गाईच्या गळ्यात घालू नाई, माझा बाप सांगे. घरी नेऊन काय करू? खुंटीलेच टांगीन. त्यापरीस इथी बरी हाये."

त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याची किनार फाडली आणि माझ्या दोन्ही जिभा एकमेकींना घट्ट बांधल्या. त्याच हातांनी त्या कोरल्या होत्या. बांधताना तो हळू म्हणाला, "लय बोलली. आता गप राय." मला परत खिळ्याला अडकवलं. मग डोक्यावरची टोपी आणि गळ्यातली शिट्टी काढून त्याने साक्षीसमोर ठेवली.

"हे काऊन, भाऊ?"

"रुखमाबाईच्या गाई दावणीले उभ्या हायेत. उद्यापासून सोडतो मी त्या."

फाटकावर आदेशने त्याला अडवलं. "वाघ हाये ना तिथं, बाबा! इथी बसून काय त्रास हाये तुले?"

"बोडीच्या पलीकडे नाई जात मी. गावातून दिसन अशा जागीच राहतो," लटारूभाऊ म्हणाला. "पण बसून नाई राहवत रे. बसून बसून मरूनच राह्यलो होतो."

आदेशने स्वतःच्या हाताने फाटक उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून खुरांचा आवाज आला. थोड्याच गाई होत्या. मागून लटारूभाऊचं "हिर्र, चाल वं!" ऐकू आलं. किती दिवसांनी तसा मोकळा आवाज! त्याच्या पायांना आता कुठे जायचं ते ठाऊक होतं. मला फार बरं वाटलं. आणि खरं सांगते, फार एकटंही वाटलं. त्याला त्याचं काम मिळालं, मला नाही मिळालं. मी ओ द्यायला गेले, पण जिभा हलल्या नाहीत. त्याने इकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. पाहायचं कशाला? त्याचे कान त्याच्या गाईंकडे होते, आणि ते तसेच असायला हवेत.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याला जपा. पण जपायचं म्हणून त्याच्या हातचं काम काढून घेऊन त्याला खुर्चीत बसवू नका. आणि कधी या बाजूला आलात, मला पाहिलंत, तर हवा तर फोटो काढा. फक्त एवढं ऐका, माझ्या जिभांना बांधलेलं ते फडकं सोडू नका. बाहेर बोडीच्या काठाला एक माणूस गाई राखत असतो.