शिकरणाची परीक्षा

नवा गडी ठेवायचा तर आधी त्याला जेवायला बसवायचं आणि शेवटी वाडीतल्याच केळ्यांचं शिकरण वाढायचं, अशी आनंदीबाईंची रीत होती. जो वाटी पुसून खाईल तो केळींची निगा राखील. निर्मळ गावात हाक मारली की गडी मिळायचा त्या दिवसांत हे चालून गेलं. पुढे गावची पोरं कारखान्यांत गेली, आणि दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात शेजारच्या काशीरामने थेट नेपाळचा कर्णबहादूर आणून ओट्यावर उभा केला.

आनंदीबाईंच्या सुनेचा, सुनंदाचा, जीव थाऱ्यावर नव्हता. नवरा दिनानाथ पाय मोडून खाटेवर. घड भरत आलेले. वारं सुटायच्या आत बांबूचे टेकू लागले नाहीत तर केळी आडव्या होणार. त्यात तुळिंजला राहणारा मुलगा परेश रविवारी येणार होता. "गडी मिळाला तर ठीक," तो मागेच बोलून गेला होता, "नाहीतर वाडी बिल्डरला देऊन टाकू. तो काय जन्मभर थांबणार आहे?"

कर्णबहादूरने भात खाल्ला, वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं. शिकरणाची वाटी मात्र हळूच बाजूला सारली.

"बघितलंस?" आनंदीबाई कडाडल्या. "आमचं केळं याला चालत नाही! काशीराम, ने याला."

"काकी, परदेशातला माणूस तो. त्याला काय ठाऊक शिकरण?"

"परदेशातला असो नाहीतर शेजारच्या पापडी गावचा, तोंड सगळ्यांना सारखंच असतं."

कर्णबहादूरने ताट धुतलं, पिशवी उचलली आणि निघाला. सुनंदा सारखी आतबाहेर करत होती. शेवटी पायांत चपला न घालताच धावली. विहिरीपाशी त्याला गाठलं.

"क्यूं नहीं खाया? केला अच्छा नहीं लगता?"

"केला ठीक है, दीदी. दूध नहीं चलेगा. माँ गुजर गयी. हमारे उधर साल भर दूध नहीं लेते."

"तो बोलने का ना!"

"किसी ने पूछा नहीं."

त्याला घेऊन ती परतली आणि सासूला सगळं सांगितलं. आनंदीबाई म्हणाल्या, "खरं कशावरून?"

"माहीत नाही. पण मी ठेवलाय त्याला."

"ठेवलास? मला न विचारता?"

तेवढ्यात कर्णबहादूरनेच सुनंदाला विचारलं, "रात को सोना किधर?"

तिने पंपाची खोली दाखवली. आतून डिझेलचा आणि खताचा भपकारा आला. त्याने वाकून पाहिलं, भिंतीला हात लावला, बाहेर आला.

"इसमें नहीं, दीदी. अर्नाळा में एक सेठ कमरा देता है."

इतका वेळ आपण त्याला तोलत होतो. आता तो आपल्याला तोलतोय. सुनंदा तरातरा घरात गेली, परेशची खोली उघडली आणि त्याची गादी गुंडाळायला लागली.

खाटेवरून दिनानाथ ओरडला, "अगं, काय चाललंय? रविवारी परेश आला तर झोपेल कुठे?"

"तुळिंजला. त्याचं घर तिथे आहे."

गादी काखेत मारून ती दारात आली आणि म्हणाली, "ये कमरा तुमको देती." अंगणात कर्णबहादूर उभा होता. पिशवी अजून त्याच्या खांद्यावरच होती.