माझं ‘चालेल’

डॉक्टरीणबाई समजावत होत्या आणि मी मान डोलावत होतो. कॅन्सरच्या गाठीवर दोन औषधं होती. पहिलं जालीम; त्याने गाठ परतण्याची शक्यता कमी, पण माझं आधीच थकलेलं हृदय आणखी कमजोर होऊन चार वाक्यं बोलतानाही धाप लागण्याची भीती. दुसरं हृदयाला सांभाळून घेणारं, पण गाठीशी जरा मवाळ. शेजारी हृदयाचे डॉक्टर बसले होते. दोघंही आपणहून निर्णय देईनात. तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं, असं उलट मलाच विचारत होते.

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला. दुसऱ्याच्या ऱ्हस्वदीर्घावर बोट ठेवणं सोपं. स्वतःच्या जिवाबद्दल काय बोलावं, ते सुचेना. शिवाय एवढी शिकलेली माणसं माझ्यापायी खोळंबलेली.

“पहिलं चालेल,” मी म्हणालो.

बाईंनी पेन उचललं. तेवढ्यात शेजारून आमची ही म्हणाली, “थांबा डॉक्टर. यांचं चालेल म्हणजे नको. चहात साखर घालायची राहिली तरी चालेल म्हणतात. लग्नाचं विचारलं तेव्हा तेवढे चालेल म्हणाले नव्हते, म्हणून तर मी होकार दिला.”

हृदयाचे डॉक्टर हसले. बाईंनी मात्र पेन खाली ठेवलं. “मग आजोबा, काय नकोय तुम्हाला?”

मी खाली बघतच सांगितलं. हिची नजर गेल्यापासून रोज संध्याकाळी मी हिला पुस्तक वाचून दाखवतो. धाप लागली तर तेवढं राहून जाईल. सांगताना कान तापले. जिवाची गोष्ट चाललेली आणि मी मध्येच पुस्तकं घेऊन बसलो.

पण ते दोघं आपसात गंभीरपणे बोलले. दुसरं औषध द्यायचं, मधूनमधून हृदयाचा इको काढायचा, आणि गाठ ऐकेनाशी झाली तर पुन्हा इथेच बसून ठरवायचं.

“गाठ परतण्याचा धोका यात थोडा जास्त आहे, हे पुन्हा सांगते,” बाई म्हणाल्या. “चालेल?”

हिने मला कोपर मारलं.

“चालेल नाही,” मी म्हणालो. “मला हेच हवंय.”

पुढे काय होईल, ठाऊक नाही. पण ते पेन खाली ठेवलं गेलं, यासाठी मी रोज मनातल्या मनात हात जोडतो. समोर बोलायला कुठे जमतं.

काल वाचताना पाणी प्यायला थांबलो, तर ही म्हणाली, “सावकाश. आज एवढंच झालं तरी चालेल.”

हिच्या ‘चालेल’चा अर्थ चालेल असाच असतो. तरी मी पान उलटलं.