साक्षीचा येढा

रेवणप्पांनी साक्षीच्या घोट्याला बांधलेला दोर दोनदा ओढून पाहिला. दोराचं दुसरं टोक सर्फिंगच्या लांब फळीला होतं.

"तुटत न्हाई ना?"

"न्हाई, अप्पा. मी पडले तरी फळी लांब जात न्हाई."

"मग आपला भोपळाच की हा," म्हणत ते मागं सरकले.

कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या या गावी साक्षी एका महिन्यासाठी आली होती. नोकरी लॅपटॉपवरची, त्यामुळे पाच महिने झाले तरी परतायचं नाव नाही. शेवटी रेवणप्पा निलंग्याहून लेकीला न्यायला आले. रविवारी लातूरचे पाहुणे तिला बघायला येणार होते, आणि आज गुरुवार. "तिला घेतल्याबगर येऊ नका," असं नीलाबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं.

साक्षीचं म्हणणं एवढंच, की लाटेवर एकदा उभी राहू द्या, मग येते.

चार दिवस रेवणप्पा चहाच्या टपरीवर बसून होते. रिकामं बसणं आपल्याला इतकं जमतं याचं त्यांनाच नवल वाटत होतं. टपरीवाली त्यांच्या सीमेवरच्या कन्नडला पोट धरून हसायची आणि दुसरा चहा फुकट द्यायची. एका टकल्या गोऱ्यानं त्यांच्या पटक्याचा फोटो काढला, तेव्हा त्यांनी त्याला वय, पगार आणि जमीन किती, सगळं विचारून घेतलं. दोन लाटा सारख्या का नसतात, हे त्यांनी भेटेल त्याला विचारलं होतं. प्रत्येकानं वेगळंच सांगितलं आणि त्यांना ते सगळं पटलं.

साक्षीला शिकवणारा सुकेश आज दमून त्यांच्याशेजारी टेकला.

"तुम्हाला पोहता येतं?" त्यानं कन्नडमध्ये विचारलं.

रेवणप्पा खुलले. तीस उन्हाळे त्यांनी गावच्या पोरांना विहिरीत शिकवलं होतं. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि ढकलून द्यायचं. नियम एकच. विहिरीला एक येढा, म्हणजे काठाकाठानं पुरी फेरी, मारल्याशिवाय पोर घरी जायचं नाही. आया काठावर येऊन रडारड करत, त्यांना हाकलायचं काम नीलाबाईंचं.

"मग साक्षीला का नाही येत?"

रेवणप्पांनी ग्लास खाली ठेवला. साक्षी तेव्हा सात वर्षांची. अर्ध्या येढ्यात रडली, आणि इतरांच्या आयांना हाकलणाऱ्या नीलाबाईंनीच काठावरून हाक मारली. पोरगी वळली, काठाला आली, ती परत पाण्यात गेलीच नाही. त्या दिवशी आपण गप्प बसलो, याचं त्यांना अजून वाईट वाटत होतं.

"तिच्यात दम आहे," सुकेश म्हणाला. "पण उभी राहताना मान वळवून इकडं, टपरीकडं बघते. तुम्ही आल्यापासून."

रेवणप्पांनी नीट बघितलं. साक्षी फळीवर गुडघ्यावर आली, उठू लागली, मान वळली, पडली. पुन्हा तेच.

तेवढ्यात फोन वाजला. नीलाबाई.

"निघालात का न्हाई? मी हितं पाहुण्यांसाठी डाळ दळायलेय."

"न्हाई निघालो. येढा ऱ्हायलाय तिचा."

पलीकडं जात्याची घरघर थांबली.

"कुठवर आलाय?"

"अर्धा."



"पाहुण्यांना मी सांगते काय ते," त्या म्हणाल्या. "तुम्ही फकस्त तिला हाक मारू नका. मी मारली व्हती तवा."

रेवणप्पांनी फोन खिशात ठेवला. वाळूवर एक नाव उलटी घालून ठेवली होती. ते उठले आणि तिच्या मागं जाऊन बसले, साक्षीला दिसणार नाहीत असे. तिथून त्यांनाही समुद्र दिसत नव्हता. त्यांनी पटका जरा वर सारून कान मोकळे केले.