कोपऱ्यातला अंगठा

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सुकेशनी बाबांचा मोबाइल घेऊन अनसिंगच्या घराच्या ओट्यावर बसली. तिला त्यात बाबांचा अंगठा शोधायचा होता.

तिचे बाबा जगदेव एसटीत कंडक्टर होते. दोन वर्षांपूर्वी ते 'रोजचं दिसणं' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात शिरले. दर सोमवारी उज्ज्वलाताई तिथं विषय द्यायच्या: कधी झाडाची साल, कधी जुनी कमान, कधी पुतळा. रविवारपर्यंत ज्यानं त्यानं स्वतः काढलेला एक फोटो टाकायचा. बस थांब्यावर उभी राहिली की बाबा मोबाइल काढायचे आणि फोटोच्या उजव्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा हमखास यायचा. लहानपणी विळ्यानं चिरलेला, नख मधोमध दुभंगलेला.

पहिल्याच फोटोवर ग्रुपातल्या गोविंदानं लिहिलं होतं, "काका, विषय झाडाची साल होता, अंगठ्याची नाई." बाबा पोट धरून हसले. सुकेशनीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती वनस्पतिशास्त्राची पदवीधर. फोटोत नको ते आलेलं तिला खपत नसे. तो फोटो तिनं लगेच काढून टाकायला लावला.

"बाबा, मले दाखवल्याबिगर टाकत नका जाऊ आता."

"तुले काय तरास देते तो? गरीब आहे बिचारा."

"मंग कोपऱ्यात काहून बसते?"

"फुकट्या प्रवासी आहे. उतरव तूच."

तेव्हापासून दर रविवारी ती कोपरा कापायची, कापलेला फोटो ठेवायची आणि मूळ पुसून टाकायची. मोबाइलात जागा कुठे होती?

तेरवीला फ्रेम करायची वेळ आली तेव्हा कळलं, बाबांचा एकही धड फोटो नाही. काढणारे तेच. शेवटी आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून आणला. आई, चतुराबाई, बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "हे कोन होय? मले तं वळखू येत नाई."

म्हणून आज अंगठा. सुकेशनीनं एकेक फोटो उघडला. पळसाची साल, कमान, वडाच्या पारंब्या. शंभरावर फोटो, सगळे स्वच्छ. प्रयोगशाळेत नमुन्याशेजारी पट्टी ठेवून फोटो घेतात, आकार कळावा म्हणून. इथली पट्टी तिनं दर आठवड्याला नेमानं कापून टाकली होती.

एक फोटो उरला होता. विषय पुतळा. बाबांनी सकाळी ड्यूटीवर जाताना काढलेला; त्याच दुपारी त्यांचं हृदय बंद पडलं. हा तिनं पाहिला नव्हता, म्हणजे कापलाही नव्हता. ग्रुपला बातमी कळल्यावरही उज्ज्वलाताईंनी दोन सोमवार विषय बदलला नव्हता. "काकांचा यायचा आहे," एवढंच लिहिलं होतं.

चतुराबाई शेजारी येऊन टेकली. "आहे का?"

सुकेशनीनं फोटो उघडला. गावाबाहेरच्या पारावरचा दगडी घोडेस्वार, नाक झिजलेला, घोड्याच्या पाठीवर कोवळं ऊन. तिनं उजवा कोपरा मोठा केला. आणखी मोठा केला. नुसती माती आणि वाळल्या गवताची एक काडी. दोन वर्षांत पहिल्यांदाच बाबांनी अंगठा सांभाळला होता.

"तुयाच धाकानं शिकले," चतुराबाई म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, कौतुकच होतं, आणि तेच सुकेशनीला सोसवेना.

तिनं फोटो होता तसा ग्रुपवर टाकला. थोड्या वेळानं गोविंदाचं उत्तर आलं.

"काका, अंगठा कुठं ठेवला?"