तेजकुंभातली वीज

चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंडपात तेजोबाबांनी एक दिवा नुसत्या हातात धरला, ना तार ना बटण, आणि तो लख्ख पेटला! माणसांनी हात जोडले, कुणाकुणाचे डोळे भरून आले.

"वीज तुमच्या देहात आहे, बाळांनो!" बाबा गरजले. "त्या बॅटऱ्यांत तुम्ही सूर्याला कोंडलंय. ती अशुद्ध बॅटरी इथं अर्पण करा आणि तेजकुंभ घेऊन जा. कधी आटणार नाही. उघडलात तर मात्र भस्म व्हाल!"

गर्दीतली एक शिवणकाम करणारी बाई जिवाचा कान करून ऐकत होती. दगडाच्या कारखान्यातल्या धुळीनं तिच्या नवऱ्याची फुप्फुसं कामातून गेली होती. प्राणवायूचं यंत्र थांबलं की तो माशासारखा तडफडायचा, आणि वीज तर रोज संध्याकाळी जायची. छतावर सोलर होतं, बॅटरीही होती. पण इस्त्री, पंप, फ्रीज, पंखे सगळं तिच्यावरच चालायचं आणि वीज परत यायच्या आत ती मान टाकायची. मग ही त्याच्या छातीवर हात ठेवून अंधारात बसून राहायची.

तिनं बॅटरी हातगाडीवर घालून मंडपात नेली आणि तांब्याचा मोहोरबंद कुंभ घरी आणला.

दुसऱ्या संध्याकाळी वीज गेली. तिनं यंत्राची पिन कुंभाच्या बाजूच्या खाचेत खोचली. ते गुरगुरलं. "ऐकलंत का? चालू झालं!" ती नवऱ्याला म्हणाली. तो हसलासुद्धा. पण चुलीवरचा चहा उकळायच्या आत यंत्रानं शिटी मारली आणि बंद पडलं. प्राणवायूचं राखीव सिलिंडर रिकामं होतं. अँब्युलन्सवाले म्हणाले, वाट बघा. शेजारणीला त्याच्यापाशी बसवून ती कुंभ उराशी धरून मंडपाकडे धावत सुटली.

"बाबा, माझा माणूस जातोय!"

"तुझी श्रद्धा आटली," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "कुंभ ठेवून जा. उद्या उन्हात बसवून पुन्हा जागा करू."

"वीज देहात आहे ना, मग उन्हातच का?" मागून आवाज आला. शेजारणीचा फोन आल्यावर धावत आलेली तिची नणंद होती ती, शाळेत विज्ञान शिकवणारी. तिनं बाबांच्या पुढ्यातला दिवा उचलला, बोटं ओली केली आणि त्याच्या बुडाला लावली. दिवा पेटला. गर्दी पुढं सरकली. "याच्या पोटात सेल आहे. ओल्या हातानं दोन्ही टोकं जोडली की हा पेटतो, माझ्याही हातात आणि तुमच्याही!"

"वन्सं, कुंभ उघडू नका, भस्म..."

"वहिनी, दादा तिकडे गुदमरतोय!" तिनं कुंभ फरशीवर आपटला. आतून एक छोटी बॅटरी घरंगळत बाहेर आली. कुणी भस्म झालं नाही. बाबांचं तोंड मात्र पांढरंफटक पडलं. मंडपामागे लोकांच्या बॅटऱ्या विकायला रचून ठेवलेल्या सापडल्या.

चौघांनी तिची बॅटरी उचलून घरी पळवली. यंत्र सुरू झालं तेव्हा नवऱ्याचे ओठ निळे पडले होते. तो वाचला, पण पूर्वीसारखा झाला नाही. बोलताना शब्द हरवतात, बायकोकडे नुसता बघत राहतो.

नणंदेनं घरातली सगळी घडी बदलली. इस्त्री आणि पंप भर दुपारी, ऊन असताना. संध्याकाळी बॅटरीवर यंत्र आणि एक दिवा, दुसरं काहीही नाही. आता वीज येईपर्यंत बॅटरी पुरते. आधीही पुरली असती.

पुढं पोलिसांनी चौकात जबाब घेतले तेव्हा शिवणवाली लोकांपुढे उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, "वीज कुठून तरी येते, कशात तरी साठते आणि वापरली की संपते. ही कुठून येते, एवढंच मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. तुम्ही विचारा. समोर कुणीही बसलेला असो, विचारा."