तुझीच गाडी

बाबांची गाडी दोन माणसांची, लाल, स्पोर्ट्स कार म्हणतात तसली, आणि आता चांगलीच म्हातारी. गुडघ्यांमुळे तिच्यात धड बसता येईना, तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आजपासून तुझीच."

त्या 'तुझीच'ला मी भुलले. शाळेत असल्यापासून मला ती गाडी हवी होती. पण बाबा हा शब्द नेमका कधी काढतात, हे कळायला फार उशीर झाला. ऑइल बदलायचं आलं की गाडी तुझीच. ब्रेकचे पॅड झिजले, तुझीच. पाहुणे कौतुक करायला लागले की मात्र 'आमची गाडी'. कागदांवर माझं नाव घाला म्हटलं, तर "घरातल्या घरात कसली गं नावं?"

नुसती उभी राहूनही ती खर्च काढायची. टायर न झिजताच कडक झाले, बॅटरी बसली, रबरी पाइपांना चिरा गेल्या. एकही सुटा भाग इथे मिळायचा नाही, लांबून मागवायचा आणि मागतील तेवढे मोजायचे. आई म्हणायची, "पांढरा हत्ती पोसतेयस."

"लाल आहे," मी म्हणायचे.

यंदा मेकॅनिकने टायमिंग बेल्टचा विषय काढला. "हा बदलल्याशिवाय लांब नेऊ नका. तुटला तर इंजिन गेलंच म्हणून समजा."

"अहो, पण गाडी फारशी चाललेलीच नाही."

"बेल्ट चालून नाही, वयाने मरतो, ताई."

तेवढ्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागलं. मी दातांच्या कवळ्या बनवते. सुट्टीच्या दिवशीही लोकांच्या कवळ्या घासत बसले आणि बेल्ट बसवून घेतला. मनाशी ठरवलं होतं, गाडी हातात आली की पहिल्याच रविवारी एकटीने हायवेला न्यायची. कुणाला विचारायचं नाही, कुणाला बरोबर घ्यायचं नाही.

शनिवारी गाडी घरी आणली तर दारात दादा. तो नवीन घर घेत होता आणि पैसे कमी पडत होते. बाबांनी बॉनेटवरून हात फिरवला.

"बेल्ट झाला ते बरं झालं. उद्या गिऱ्हाईक येतंय, भाव चढेल."

"कशाचा भाव?"

"गाडीचा. दादाच्या घराला हातभार."

"बाबा, गाडी माझी आहे ना?"

"तुझीच आहे गं. म्हणून तर तुला सांगतोय."

दादा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "तुझीही सुटका होईल. किती खर्च करतेस उगाच!"

संतापाने माझं डोकं फिरलं. एरवी मेकॅनिकशी साध्या वॉशरवरून हुज्जत घालणारी मी, तशीच आत निघून गेले.

रविवारी गिऱ्हाईक आलं ते चांगलं जाणकार निघालं. क्लच कधी बदलला, कूलंट कुठलं घालता? बाबा आणि दादा एकमेकांची तोंडं बघायला लागले. मग बाबांनी मला हाक मारली. "हिला विचारा, हिला सगळं तोंडपाठ आहे."

मी एकेक सांगत गेले. गिअरबॉक्स कुरकुरतो, एवढं एक वाक्य टाकलं असतं तरी सौदा मोडला असता. पण त्या बिचारीवर खोटा आळ घ्यायला जीभ रेटेना.

त्या माणसाने किल्ली फिरवली, इंजिन ऐकलं आणि तो खुलला. "गाडी सांभाळावी तर अशी! हायवेला कशी पळते हो?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. दादानेही पाहिलं. घर ते गॅरेज आणि गॅरेज ते घर, तेही भर गर्दीतून. तिसऱ्या गिअरच्या वर मी कधी गेलेच नव्हते.

"ते तुम्हीच मला फोन करून सांगा," मी म्हणाले.