नर्मदाबाईचा फाटा

कुंदनची जीप साक्रीहून निघाली की धुळ्याच्या देवपुरातल्या कुत्र्यांना आधी कळतं, असं लोक म्हणायचे. हे खोटं होतं. कुत्र्यांना ती वाटेतल्या नेरपर्यंत आल्यावर कळायचं.

जुनी डिझेल जीप, चारही चाकांना जोर असलेली. कुंदन साक्रीच्या पुढं डोंगरातल्या पाड्यांवर सोलर पंप बसवायचा. रस्ता संपला की त्याचं काम सुरू. त्या कामाला गाडी सोन्यासारखी होती. फक्त आवाज. तो कानात शिरायचा नाही, थेट दाढेत शिरायचा. त्यामुळं कुंदन आणि त्याची बायको नूतन लग्नापासून गाडीत खुणांनी बोलायचे. म्हणजे नूतन बोलायची आणि कुंदन समोरच्या आरशात अंगठा वर करायचा. ती मागच्या दोन समोरासमोरच्या बाकांपैकी डाव्या बाकावर बसायची. पुढच्या सीटवर पंपाचा कंट्रोलर असायचा. कंट्रोलरला धक्के चालत नाहीत.

चैत्रात नूतन माहेरी गेली, साक्रीच्या पलीकडं. गेली ती आलीच नाही. कुंदननं फोन केला तर एवढंच म्हणाली, "ज्या गाडीत माणसाचं माणसाला ऐकू येईल, अशी गाडी घेऊन या. मग बसेन. नाहीतर येऊच नका."

कुंदनला हायसं वाटलं. बायकोला राग आला असता तर अवघड होतं. ही तर सायलेन्सरची तक्रार होती.

त्यानं जीप हितेंद्रकडं नेली. देवपुरात हितेंद्रचं गॅरेज होतं आणि त्याचा स्वतःवर फार विश्वास होता. बॉनेट न उघडताच त्यानं सांगितलं, "कुंदनभाऊ, ही गाडी मी अशी करून देतो की चालू आहे का बंद, ते तुम्हाला उतरून बघावं लागेल."

पहिल्या दिवशी त्यानं मागच्या बाकाखाली, फाटक्या पत्र्यावर, घरातली जुनी गादी कापून अंथरली. "कापूस आवाज पितो," म्हणाला. कापसानं आवाज प्यायला, मग खालच्या तापलेल्या सायलेन्सरची उष्णताही प्यायली, आणि पांझरेच्या पुलावर जीपच्या मागून लग्नघरासारखा धूर निघाला. पुलावरच्या चहावाल्यानं हाताला लागलं ते ओतलं. ते उकळतं चहाचं पातेलं होतं. आग विझली. गाडीला आठवडाभर आल्याचा वास येत होता.

मग हितेंद्र सरळ कामाला लागला. इंजिनापासून धुराचा पाइप जिथं निघतो तिथलं गॅस्केट फुटलं होतं. ते बदललं. सायलेन्सरचे सांधे आवळले. फटफट गेली, निम्मा आवाज गेला. कुंदन खूश होऊन मालेगाव रोडला चक्कर मारायला निघाला.

तेव्हा त्याला ठोका ऐकू आला.

ठक ठक. थांबून, परत ठक ठक. मागून, डाव्या बाजूच्या पत्र्यावर.

"सायलेन्सर चेसिसला लागत असेल," हितेंद्र म्हणाला आणि ज्या रबरांवर सायलेन्सर लटकतो ती सगळी नवी टाकली.

ठक ठक.

"मग टॅपेट आहे."

"टॅपेट इंजिनात असतो ना? हे मागं वाजतंय."

"आवाज फिरतो भाऊ, पत्र्यातून."

"पण हा थांबून थांबून ठोकतोय. माणसासारखा."

"शिस्तीचा टॅपेट आहे," हितेंद्र म्हणाला. पण त्यानं मागच्या बाकाकडं बघायचं टाळलं. गाडी डाव्या अंगाला जराशी बसलेली होती आणि बाकावर कोणीही नव्हतं.

पुढं त्यानं फरशीच्या पत्र्यातली भोकं बुजवली, गिअरच्या दांड्याभोवतीचं फाटकं रबर बदललं, डांबराच्या चिकट शीट लावल्या, वर जाड लोकरी नमदा, वर रबरी मॅट. आता इंजिन दूर कुठंतरी, शेजाऱ्याच्या घरात चालल्यासारखं वाटायला लागलं. आणि ठोक्यांच्या मधे बांगड्या ऐकू आल्या. काचेच्या, थोड्या, दोन-तीनच असाव्यात. मग एक खोकला. म्हाताऱ्या बाईचा, तोंडावर पदर धरून खोकल्यासारखा.

"हा कोणता पार्ट?" कुंदननं विचारलं.

हितेंद्रनं बराच वेळ विचार केला. "हे कंपनी फिटिंग दिसतंय," तो म्हणाला.

एकच काम राहिलं होतं. धूर सोडणारी नळी मागच्या बाकाखालीच संपत होती. सगळा आवाज तिथून वर, गाडीच्या पोटात घुमायचा. हितेंद्रनं नळी लांब करून बंपरच्या बाहेर, बाजूला काढली. काम झाल्यावर तो मागं न बघता म्हणाला, "आता तुमच्या गाडीत टाचणी पडली तरी ऐकू येईल." आणि चहाला निघून गेला.

कुंदननं नूतनला फोन केला. "येतोय. गाडी ऐकशील तर चाट पडशील."

ती एवढंच म्हणाली, "बघू."

भर दुपारी तो साक्रीकडं निघाला. ऊन पांढरं झालेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी खरंच गुणगुणत होती. त्याला स्वतःचं घड्याळ ऐकू आलं. मेथीचा वास आला, पहाटे खुडलेल्या, ओल्या फडक्यात बांधलेल्या मेथीचा. आणि मानेच्या मागं, अगदी जवळून, दमलेला आवाज आला:

"भो, गाडी थांबाड ना. माले उतरनं शे."

कुंदनचा पाय ब्रेकवर पडला नाही, उडाला. गाडी खडीत घसरत थांबली. आरशात बाक रिकामा होता.

"कव्हयनी सांगी ऱ्हायनी मी," आवाज म्हणाला. कधीपासून सांगतेय म्हणे, पण त्यात राग नव्हता. रडणंही नव्हतं. बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीशी उभ्या माणसाचा असतो तसा आवाज होता.

कुंदननं जीप वळवली आणि थेट तोतारामनानाकडं नेली. जीप त्यानं नानाकडून घेतली होती. नाना आयुष्यभर हीच गाडी धुळे-साक्री प्रवासी म्हणून चालवायचे. ते ओट्यावर बसले होते. आवाजानं त्यांचे कान पार गेलेले.

"नाना, या गाडीत कोणी मेलं होतं का?"

"मैल? तीन लाख मैल शे. पन इंजिन टणक."

"मेलं! कोणी बाई!"

"बॅटरी? दोनदा बदलेल शे."

घरातून नानांची बायको, अक्का, बाहेर आली. तिनं जीपकडं पाहिलं, मग कुंदनच्या चेहऱ्याकडं.

"ऐकू आली वाटतं," ती म्हणाली.

मग तिनंच सांगितलं. नर्मदाबाई. डोक्यावर मेथीची टोपली घेऊन साक्रीच्या बाजारातून परत यायची. चिंचेच्या फाट्याला उतरायची. माल उरलेला, ऊन फार, तब्येत बरी नव्हती. ती ओरडली, पत्रा ठोकला. गाडीत दुसरं कोणी नव्हतं आणि नानांना ऐकू आलं नाही. "धुळ्यात येऊन यांनी मागं पाहिलं, तर बाई बसलेलीच. गार. हात पत्र्यावर."

"मला सांगायचं तरी अक्का, गाडी देताना!"

"सांगितलं असतं तर तू घेतली असतीस?"

नानांनी विचारलं, "काय म्हनस तो?"

"अ‍ॅव्हरेज विचारतोय," अक्का ओरडली.

कुंदन गाडीत बसायला तयार नव्हता, पण नूतन वाट बघत होती. त्यानं हितेंद्रला फोन लावला. "नळी परत कापून टाक. आवाज होता तसा कर."

"होईल ना भाऊ. पण मग वहिनी?"

कुंदननं फोन ठेवला. आवाज ठेवला तर नूतन बसणार नाही, आणि आवाज घालवला तर ही नर्मदाबाई बोलायची थांबणार नाही. मग या बाईलाच आधी पोचवावं, असं त्यानं ठरवलं. शेवटी फाटा तर रस्त्यातच होता.

फक्त फाटा उरला नव्हता. रस्ता चौपदरी झाला होता, फाट्यावरून उड्डाणपूल गेला होता. कुंदननं पुलावर कडेला गाडी थांबवली, खाली उतरून मागचं दार उघडलं, आणि रिकाम्या बाकाला हात जोडून म्हणाला, "आजी, आलं तुमचं."

बऱ्याच वेळानं आवाज आला. "हाऊ मन्हा फाटा नही, भो. मन्हा फाटाले चिच शे."

मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. ड्रायव्हरनं रिकाम्या जीपच्या पाया पडणाऱ्या माणसाकडं पाहिलं आणि स्वतःच्या देवाच्या फोटोला हात लावला.

कुंदननं दार लावलं. नर्मदाबाईला घेऊनच तो नूतनच्या दारात पोचला.

नूतन पिशवी घेऊन उभी होती. उतरलेली, बारीक झालेली. पुढची सीट मोकळी होती, तरी ती मागचं दार उघडून मागच्याच बाकावर बसली. कुंदन नको नको म्हणेपर्यंत बसली. गाडी निघाली.

"ऐकू येतं?" तिनं हळूच विचारलं.

"येतं ना! बोल की."

ती बोलली नाही. साक्री मागं पडलं. मग दुसरंच कोणी बोललं.

"भो, थांबाड ना."

"कोण आहे?" नूतननं विचारलं.

"टॅपेट," कुंदन म्हणाला.

नूतननं आजूबाजूला हात फिरवला. शेजारची जागा गार होती, या उन्हात. कुंदन आरशात बघत होता. आता ती किंचाळेल, दार उघडेल, उडी मारेल. तिनं फक्त पिशवी मांडीवर ओढून जागा करून दिली.

"कुठं उतरायचंय, माय?"

"चिचना फाटाले. कव्हयनी बशेल शे. हाऊ आयकतच नही."

"नाही ऐकत," नूतन म्हणाली. "मलाही माहीत आहे ते."

"तुन्हा कोन शे तो?"

"नवरा."

बांगड्या वाजल्या. बाईनं बहुतेक कपाळाला हात लावला असावा.

मग नूतन बोलायला लागली. कुंदनशी नाही, शेजारच्या गार जागेशी. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिला वाटत असावं, की पुढं काही पोचत नाही. किंवा पोचतंय हे तिला पक्कं माहीत असावं. चैत्रात पाड्यावरून उतरताना पोटात कळ आली, ती म्हणाली. तिसरा महिना होता. त्याला घरी गेल्यावर सांगणार होते, गाडीत काय सांगायचं म्हणून राहिलं. मी म्हटलं थांबवा. ओरडले. पत्रा ठोकला. त्यानं आरशात अंगठा दाखवला. मग मी बाकावरून खाली पडले, तर त्याला वाटलं मी झोपले. घरी आल्यावर मीच चालत मोरीत गेले. तिथंच सगळं गेलं. तो कंट्रोलर उतरवत होता.

गाडीत काहीच वाजत नव्हतं. हितेंद्रनं काम चोख केलं होतं.

"माले माहीत शे," नर्मदाबाई म्हणाली. "मी आठेच, ह्या बाकवर व्हती. तुन्हासंगे मी बी पत्रा ठोकी ऱ्हायंती, माय. दोन्हीजनी ठोकूत, तरी बी."

कुंदनचा पाय आपोआप वर आला. गाडी सावकाश होत होत रस्त्याच्या मधोमध चालायला लागली. मागच्या बसनं हॉर्न दिला. त्याला तोही ऐकू आला, पण तो कशासाठी ते कळेना.

"पुलावर घेऊ नका," नूतन मागून म्हणाली. पहिल्यांदाच त्याला उद्देशून. "खालचा रस्ता घ्या."

त्यानं खालचा रस्ता घेतला. पुलाखाली पंक्चरचं दुकान होतं, बंद. दुकानासमोर एका बुंध्यावर जुन्या टायरांची चळत लावलेली. नूतन उतरली आणि एकेक टायर उचलून बाजूला टाकायला लागली. कुंदन मदतीला धावला, पण ती म्हणाली, "तुम्ही गाडीपाशी थांबा." तो थांबला. टायरांखालून चिंचेचा खुंट निघाला, रुंद, काळा, कडेनं एक हिरवा धुमारा फुटलेला.

जीपची डावी बाजू करकरली आणि वर उचलली गेली.

"हाई मन्ही चिच," आवाज म्हणाला. आता तो बाहेरून येत होता. "बठ्ठा रस्ता बदलाई ग्या, माय. येस मी."

नूतन तिला पोचवायला गावाकडच्या पायवाटेनं थोडी पुढं गेली, कोणाच्या तरी डोक्यावरच्या टोपलीला हात लावावा तसा एक हात वर धरून. मग तिचा हात खाली आला. ती बराच वेळ तिथंच उभी राहिली. कुंदनला वाटलं, ही पण जाते आता. हाक मारावी, तर कोणत्या तोंडानं?

ती परत आली. मागंच बसली.

गाडी धुळ्यात शिरली. मेथीचा वास गेला होता. कुंदननं घरासमोर गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, मागचं दार उघडलं.

नूतन उतरली नाही.

"घर आलं," तो म्हणाला.

"दिसतंय."

तो उभा राहिला. समोरच्या गच्चीवरून शेजारीण डोकावली. मग तो आत चढला आणि समोरच्या बाकावर, तिच्यासमोर बसला. तो बाक लोखंडी होता, कडक होता, त्याला गादी कधी नव्हतीच. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा तिथं बसला होता.

"परत सांग," तो म्हणाला. "मला सांग. पहिल्यापासून."

"ऐकलंत ना मघाशी."

"ते तू त्यांना सांगत होतीस."

नूतननं त्याच्याकडं पाहिलं. घर तीन पावलांवर होतं, पण ती हलली नाही. पिशवी शेजारी ठेवली आणि हळूहळू, अडखळत सुरुवात केली. पाड्यावरच्या त्या सकाळपासून, तिला काय खावंसं वाटत होतं तिथपासून.

उन्हं उतरली तेव्हा हितेंद्र स्कूटरवरून आला. स्वतःचं काम बघायला. त्यानं आधी लांबूनच बाकाकडं नजर टाकली, माणसं जिवंत दिसली तेव्हा जवळ आला.

"काय वहिनी, आहे का काही आवाज?"

दोघांपैकी कोणीच वळून पाहिलं नाही. हितेंद्रनं वाकून सायलेन्सरला हात लावून पाहिला. पार गार होता.

"गाडी तर बंद आहे," तो म्हणाला. "मग भाऊ एवढं कान देऊन काय ऐकताय?"

"हितेंद्र," कुंदन म्हणाला, "जरा गप्प बस."